वैरणीचा हिशेब आणि गोठ्याची दिनचर्या

लहान शेतकऱ्याच्या घरीं धान्याची कणगी किती भरली याची चौकशी सर्वजण करितात. परंतु परसांतील कडब्याची गंजी किती दिवस पुरेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. कणगी रिकामी होऊं लागली म्हणजे घरांतील माणसें बोलून दाखवितात, उसनें आणितात, वेळ निभावून नेतात. जनावर मुकें. त्याची वैरण तुटली म्हणजे तें प्रथम दूध, मग अंगावरचें मांस आणि शेवटीं आपलें बळ, अशा क्रमानें धन्याचें देणें फेडीत जातें. व धन्यास हें उमगतें तेव्हां बहुधा वेळ निघून गेलेली असते. यास्तव घरच्या वैरणीचा हिशेब कसा ठेवावा व गोठ्यांतील रोजचीं कामें कशीं लावावीं, याचा कांहीं विचार वाचकबंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

मी पशुवैद्य नव्हे, किंवा शेतकी शाळेंत शिकलेलाही नव्हे. गांवच्या मराठी शाळेंत झालेलें शिक्षण व महसूल खात्यांतील कारकुनीचीं वर्षें, एवढेंच माझें भांडवल. परंतु कारकुनास एक गोष्ट निश्चित येते. आरंभीची शिल्लक, जमा, खर्च व अखेरची शिल्लक यांचा मेळ घालणें ही ती गोष्ट होय. तिचा उपयोग गोठ्यांत किती होतो, हें मला उशिरां समजलें.

माझी चूक

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी म्हण आहे. म्हणून प्रथम स्वतःची ठेच सांगतों.

आमचें घर सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांत, कोरडवाहू टापूंत आहे. जमीन तीन एकर जिराईत व विहिरीखालचा अर्धा एकर. जनावरें म्हणाल तर एक खिल्लार बैलजोडी, एक गाय, एक पंढरपुरी म्हैस, एक कालवड, चार शेळ्या व दहा कोंबड्या. सन २०१८ चा पावसाळा अपुरा गेला; ऑक्टोबरअखेर सरकारनें राज्यांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. मी त्या वेळीं नोकरींत होतों. कोणत्या गांवीं किती जनावरें, किती चारा, व तो किती दिवस पुरेल, याचे तक्ते आमच्या टेबलावर येत व त्यांच्या बेरजा मी करीत असें. त्याच दिवसांत माझ्या स्वतःच्या परसांत एक गंजी उभी होती. येतां जातां ती दृष्टीस पडे. घरांतून कोणी विचारलें तर ‘आषाढापर्यंत चिंता नाहीं’ असें मी सांगत असें. ती गंजी मीं कधींच मोजली नव्हती.

सन २०१९ च्या एप्रिलअखेर गंजीचा तळ दिसला. कडब्याचा भाव तोंपर्यंत आमच्या आवांक्याबाहेर गेला होता. मुलानें बैल, गाय व कालवड चारा छावणींत नेलीं, व तोही दोन महिने त्यांच्याजवळच राहिला. म्हैस सात महिन्यांची गाभण होती. खुराक तुटल्यामुळें तिच्या फासळ्या दिसूं लागल्या होत्या. ती जगावी एवढ्यासाठींच विकावयास काढली. बाजारांत सर्वच विकणारे, घेणारा विरळा. फाल्गुनांत जी किंमत सहज आली असती, तिच्या निम्म्यावर व्यवहार झाला. सोडलेलें दावें हातांत घेऊन मी घरीं आलों, तेव्हां आमच्या सौभाग्यवती एवढेंच म्हणाल्या, “अहो, सगळ्या तालुक्याच्या गंज्या तुम्ही मोजल्यात, आपली तेवढी मोजायची राहिली.”

या बोलण्यास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढील वर्षापासून घरची वैरण मोजण्याचा परिपाठ घातला, तो अद्याप चालूं आहे. तोच येथें धड्यांच्या रूपानें देतों.

धडा पहिला : गंजी मोजणें

कडबा पेंढ्यांनीं मोजण्याची आपली चाल आहे व बाजारांतही तो शेकड्यानें विकला जातो. परंतु पेंढी हें खरें माप नव्हे. बांधणाऱ्याचा हात, ताटांची जाडी व पाल्याचें प्रमाण यांवर तिचें वजन अवलंबून असतें. एक पेंढी सव्वा किलो भरते, तर दुसरी अडीच किलो. यास्तव संख्या व वजन हीं दोन्हीं घ्यावींत.

संख्या गंजी रचतांनाच घ्यावी. रचल्यावर ती मोजणें दुरापास्त होतें. दर शंभर पेंढ्यांस एक खडा बाजूस टाकावा, म्हणजे लिहितां न येणाऱ्या माणसाचीही गणती चुकत नाहीं. नंतर निरनिराळ्या ठिकाणच्या दहा पेंढ्या घेऊन एकत्र तोलाव्यात व आलेल्या वजनास दहांनीं भागावें. कडबा पुरता वाळल्यावर तोलावा. नाहीं तर पाण्याचेंच वजन खात्यावर जमा होतें.

आमच्याकडील एका सालचें उदाहरण घेऊं. त्या साली मालदांडी ज्वारीच्या २,५०० पेंढ्या झाल्या. दहा पेंढ्यांचें वजन १८ किलो भरलें. म्हणजे एका पेंढीचें १ किलो ८०० ग्रॅम. अशा रीतीनें गंजींत एकूण कडबा ४,५०० किलो ठरला. ही आपली आरंभीची शिल्लक.

धडा दुसरा : रोजचा खुराक ठरविणें

जनावराच्या खुराकाचा अंदाज त्याच्या वजनावरून करितात. मोठ्या जनावराच्या पोटांत दररोज त्याच्या वजनाच्या शेकडा अडीच ते तीन इतका कोरडा अंश जावा लागतो. कोरडा अंश म्हणजे चाऱ्यांतील पाणी वगळून राहणारा भाग. वाळलेल्या कडब्यांत तो शेकडा ९० च्या सुमारास, तर हिरव्या चाऱ्यांत शेकडा २० च्या सुमारास असतो. म्हणून हिरव्याचा मोठा भारा पाहून फसूं नये. पांच किलो हिरव्यांत खरा चारा एक किलोच असतो. तथापि हिरव्याची योग्यता निराळी आहे. जीवनसत्त्व ‘अ’ जनावरास हिरव्यांतूनच मिळतें, आणि लसूणघास किंवा चवळी यांसारख्या द्विदल चाऱ्यांतून अंग भरून आणणारीं प्रथिनेंही मिळतात. त्यामुळें थोडें कां होईना, हिरवें रोज असावें.

हा हिशेब धरून आमच्या गोठ्याचा रोजचा खुराक येणेंप्रमाणें ठरविला आहे :

बैल, वजन सुमारें ४०० किलो : दर बैलास कडबा ८ किलो, हिरवा चारा १० किलो, आंबोण १ किलो.
गाय, वजन सुमारें ३५० किलो, दूध ४ लिटर : कडबा ५ किलो, हिरवा चारा १० किलो, आंबोण अडीच किलो.
म्हैस, वजन सुमारें ४५० किलो, दूध साडेचार लिटर : कडबा ७ किलो, हिरवा चारा १५ किलो, आंबोण ३ किलो.
कालवड, वजन सुमारें १५० किलो : कडबा ३ किलो, हिरवा चारा ५ किलो, आंबोण अर्धा किलो.

दोन बैल धरून रोजची बेरीज कडबा ३१ किलो, हिरवा चारा ५० किलो व आंबोण ८ किलो अशी होते.

दुभत्या जनावराच्या आंबोणाचे दोन भाग करावेत. पहिला भाग पोटगीचा; तो एक ते दीड किलो. दुसरा भाग दुधाचा. गाईच्या दर अडीच ते तीन लिटर दुधामागें एक किलो, व म्हशीचें दूध अधिक कसाचें असल्यामुळें तिच्या दर दोन ते अडीच लिटरांमागें एक किलो. गाभण जनावरास शेवटचे दोन महिने एक ते दीड किलो जास्त द्यावें, कारण पोटांतील वासरूं त्या दोन महिन्यांतच झपाट्यानें वाढतें. दूधही त्या वेळीं आटवावें.

आंबोण घरीं करितां येतें. शंभर किलोंस मका किंवा बाजरीचा भरडा ४० किलो, सरकीची अगर भुईमुगाची पेंड ३० किलो, गव्हाचा कोंडा व तूर-हरभऱ्याची चुनी मिळून २७ किलो, खनिज मिश्रण २ किलो व मीठ १ किलो, असें प्रमाण ठेवावें. पेंडीस बुरशी आली असेल तर ती स्वस्त मिळते म्हणून घेऊं नये. अशा पेंडींत, विशेषतः भुईमुगाच्या, जें विष तयार होतें तें यकृत बिघडवितें व दुधांतूनही उतरतें.

धडा तिसरा : दिवसांचा भागाकार

आमच्या बाजूस रब्बीचा कडबा फेब्रुवारीअखेर घरीं येतो, व पाऊस वेळेवर लागला तर जुलैअखेरपर्यंत बांधावर कापण्याजोगें गवत होतें. म्हणजे १ मार्चपासून ३१ जुलैपर्यंत १५३ दिवस गंजीवर काढावयाचे. रोजच्या ३१ किलोंप्रमाणें ४,७४३ किलो कडबा जनावरांच्या पोटांत जावयास पाहिजे. गंजींत आहे ४,५०० किलो. कोणी म्हणेल कीं, तूट अवघी अडीचशे किलोंची आहे.

परंतु गव्हाणींत पडतें तें सर्व पोटांत जात नाहीं. मीं आठ दिवस रोज सकाळीं गव्हाणींतील चघाळ गोळा करून तोललें. अख्खा कडबा टाकला असतां त्याचा चौथा हिस्सा वायां जात होता. जनावर पाला ओरबाडून खातें व जाड बुडखे पायांखालीं घालतें. हा चौथा हिस्सा वजा जातां ४,५०० किलोंपैकीं ३,३७५ किलोच उपयोगी पडतात, व ते १०८ दिवस पुरतात. म्हणजे १६ जूनला गंजी संपणार! ऐन मृगांत, पेरणीच्या तोंडावर, बैलांची गव्हाण रिकामी!

तोच कडबा यंत्रांतून बोटाच्या पेराएवढा कापून दिला तेव्हां चघाळ विसावा हिस्साच उरलें. त्या हिशेबानें ४,२७५ किलो उपयोगी पडतात व ते १३७ दिवस, म्हणजे १५ जुलैपर्यंत पुरतात. नवीन काडीही विकत न घेतां केवळ कुट्टी केल्यानें एकोणतीस दिवस हातीं आले. कुट्टीचें यंत्र महाग वाटत असेल तर तीन-चार घरांनीं मिळून घ्यावें.

आतां राहिली सोळा दिवसांची तूट. पोटांत जावयाचे ४६८ किलो, व त्यांत वायां जाणारा भाग मिळवून सुमारें ४९३ किलो, म्हणजे पावणेतीनशे पेंढ्या. ही तूट १ मार्चला कळली तर ती एक लहानशी खरेदी असते. हीच तूट जूनमध्यें कळली तर दावणीवरचें जनावर जातें. माझ्या सर्व सांगण्याचें सार या दोन वाक्यांत आहे.

तूट आल्यास काय करावें

मार्ग तीन आहेत. परंतु तिन्हींचा काळ होळीच्या आसपासचा आहे, वैशाखाचा नव्हे.

पहिला मार्ग खरेदीचा. खळीं चालूं असतां कडबा पुष्कळ व भाव उतरलेला असतो. त्याच वेळीं तुटीपुरता कडबा घ्यावा, आणि शक्य तर एका महिन्याची शिलकी वैरण अधिक घ्यावी. वरील १५३ दिवसांचा हिशेब पाऊस वेळेवर येईल असें धरून केलेला आहे, आणि पाऊस आपल्या वहीप्रमाणें वागत नाहीं.

दुसरा मार्ग लागवडीचा. विहिरीस पाणी असेल तर पांच-दहा गुंठे चाऱ्याचा मका करावा. दोन-सव्वादोन महिन्यांत तो कापणीस येतो. पावसाळ्यांत हिरवें उदंड असतें तेव्हां मक्याचा मूरघास करून ठेवावा. तो दाबून, हवा न शिरेल असा भरला तर उन्हाळ्यांत हिरव्याची उणीव भरून काढतो.

तिसरा मार्ग जनावर कमी करण्याचा. हा मार्ग मनास कठीण वाटतो. परंतु जें एक जनावर पुढें पोसवणार नाहीं तें अंगावर मांस असतां, गिऱ्हाईक असतां व भाव असतां विकणें, यांतच त्या जनावराचें व आपलें हित असतें. पांच जनावरें अर्धपोटीं ठेवण्यापेक्षां चार जनावरें पोटभर ठेवावींत. अर्धपोटीं पांच जनावरें खातात चौघांचें आणि काम देतात दोघांचें.

याशिवाय निकृष्ट वैरणीचा कस वाढविण्याची एक कृति आहे. गव्हाचें काड अगर भाताचा पेंढा १०० किलो घेऊन त्यावर ४ किलो युरिया सुमारें ५० लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून थराथरानें शिंपडावा, चांगलें दाबावें व जाड कागदानें झांकून २१ दिवस ठेवावें. देण्यापूर्वीं काढून थोडा वेळ पसरावें, म्हणजे उग्र वास निघून जातो. आरंभीं मूठ-दोन मुठीच द्यावें व हळूहळू वाढवावें. सहा महिन्यांखालील वासरांस हें मुळींच देऊं नये, आणि युरियाच्या पाण्याच्या बादलीजवळ एकही जनावर जाऊं देऊं नये. तें पाणी पिऊन जनावर तासाभरांत दगावतें.

वैरण देतांना घ्यावयाची सावधगिरी

जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जीव असतात व चाऱ्याचा चोथा तेच पचवितात. चारा एकाएकीं बदलला तर त्या जीवांचा मेळ बिघडतो व अपचन, पोटफुगी हीं संकटें ओढवतात. म्हणून कोणताही नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडाथोडा वाढवीत न्यावा. ओला लसूणघास उपाशीपोटीं देऊं नये. आधीं थोडी कुट्टी, मग घास.

ज्वारीचें कोंवळें पीक, विशेषतः पाण्याच्या ताणानें खुरटलेलें, जनावरांस विषारी असतें. फुलोऱ्यापूर्वींची हिरवी ज्वारी खाऊं घालूं नये व त्या शेतांत जनावर मोकळें सोडूं नये. पक्व व वाळलेल्या कडब्यास हें भय नाहीं. दुष्काळांत उसाच्या वाढ्यांवर निर्वाह करावा लागतो. परंतु वाढ्यांतील एका आम्लामुळें जनावराच्या अंगांतील चुना बांधला जाऊन हाडें व दूध यांस तो कमी पडतो. यासाठीं केवळ वाढ्यांवर जनावर ठेवूं नये. दुसरी वैरण मिसळावी, वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी व खनिज मिश्रण चुकवूं नये.

गंजी दगडांच्या ओट्यावर, माथा उतरता ठेवून, घरापासून व चुलीच्या ठिणगीपासून दूर रचावी. जुनी वैरण आधीं, नवी मागून, हा क्रम मोडूं नये.

गोठ्याची दिनचर्या

वैरण पुरेशी असूनही वेळीं-अवेळीं दिली तर तिचें चीज होत नाहीं. जनावर घड्याळ पाहत नाहीं, पण त्याचें अंग वेळ जाणतें. आमची दिनचर्या पुढीलप्रमाणें आहे.

पहाटे पांच वाजतां, हातांत झाडू घेण्यापूर्वीं, दावणीवरून एक फेरी मारावी. कोण रवंथ करीत आहे, कोणाची नाकपुडी कोरडी आहे, कोणाची रात्रीची वैरण तशीच उरली आहे, शेण पातळ झालें आहे काय, हें पाहावें. या फेरीस दहा मिनिटें लागतात. आजार बहुधा या दहा मिनिटांतच प्रथम दिसतो.

नंतर शेण काढून गोठा झाडावा व धूळ बसल्यावर साडेपांचास धार काढावी. कास कोमट पाण्यानें धुऊन कोरडी पुसावी. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यांत घेऊन पाहाव्यात. गांठी किंवा रक्त दिसल्यास दगडीची सुरवात समजावी व पशुवैद्यास बोलवावें. पान्हा फार वेळ टिकत नाहीं, म्हणून सात-आठ मिनिटांत, पूर्ण मुठीनें, धार पुरी करावी. अंगठा दुमडून सड ओढूं नयेत. धार झाल्यावर लगेच वैरण टाकावी. सडांचीं तोंडें सुमारें अर्धा तास उघडीं राहतात, व वैरणीच्या आशेनें जनावर तेवढा वेळ उभें राहिलें म्हणजे खालची घाण सडांत शिरत नाहीं.

सात वाजतां पाणी. कामाच्या बैलांस मात्र लवकर चारून थोडी विश्रांति देऊन मगच जुंपावें, आणि सुटल्यावर दम खाऊं दिल्यावांचून पाण्यावर नेऊं नये. दुपारीं सावलींत बांधून रवंथास स्वस्थता द्यावी व पुन्हा पाणी दाखवावें. मोठ्या जनावरास दिवसाकाठीं ४० ते ६० लिटर पाणी लागतें, उन्हाळ्यांत त्याहूनही अधिक. गाईच्या दुधांत शेकडा ८७ च्या सुमारास पाणीच असतें. तहानलेली गाय दूध कोठून देणार? साडेचारास हिरवा चारा व कुट्टी मिसळून द्यावी, सायंकाळीं साडेपांचास दुसरी धार काढावी, म्हणजे दोन धारांमध्यें बरोबर बारा तासांचें अंतर राहतें. रात्रीं आठास उरलेली कुट्टी द्यावी. उन्हाळ्यांत दिवसा जनावर कमी खातें, म्हणून मोठा वाटा रात्रीचा ठेवावा.

व्यालेल्या जनावराचा चीक वासरास तासा-दीड तासाच्या आंत पाजावा. पहिल्या दिवशीं वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका तो थोडाथोडा करून पोटांत जावा. वार पडेपर्यंत वासरूं उपाशी ठेवण्याची चाल घातक आहे. रोगांशीं झुंजण्याचें बळ वासरास त्या चिकांतूनच मिळतें.

शेळ्या पाला व शेंगा यांवर बऱ्याच निभावतात. पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत गवतावर मात्र त्यांस उपाशीपोटीं सोडूं नये. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वीं टोंचावी. मोठ्या जनावरांस घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीं, आणि लाळ-खुरकुताची वर्षांतून दोनदां द्यावी. सन २०२२ मध्यें लम्पी रोगानें आपल्या राज्यांतील गोठ्यांत जो हाहाकार उडविला तो विसरण्याजोगा नाहीं. कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर पोट भरतात. सायंकाळीं दर कोंबडीस मूठभर दाणे खुराड्याजवळ टाकावेत. त्यामुळें त्या आपण होऊन आंत येतात व मोजदादही होते.

कामाची वांटणी

वैरणीचा हिशेब ठेवूं लागल्यावर दुसरा एक हिशेब आपोआप पुढें आला. एका आठवड्यांत गोठ्याचें प्रत्येक काम कोण करितो व त्यास किती वेळ लागतो, हें मीं घड्याळ लावून टिपून ठेविलें. रोजचे एकूण नऊ तास भरले. त्यांपैकीं साडेपांच तास सौभाग्यवतींचे, दोन तास सुनेचे, एक तास मुलाचा व माझा अर्धा तास. गोठा माझ्या नांवाचा आणि अर्धा तास माझा! कागदावर उमटेपर्यंत हें मला खरें वाटलें नसतें.

मग दोन सुधारणा केल्या. पाण्याचा हौद गोठ्याच्या दाराशीं बांधून विहिरीपासून नळी आणली. डोक्यावरून पाणी वाहण्याचा एक तास वांचला. कुट्टीचें यंत्र गंजी व गव्हाण यांच्या मध्यें ठेविलें. तेथें सुमारें एक तास वांचला. उरले सात तास. निवृत्त झाल्यावर पहाटेची फेरी, शेण काढणें व वैरण तोलणें हीं कामें मीं घेतलीं. हल्लीं सौभाग्यवतींचे दोन तास, माझे दोन, मुलाचा दीड व सुनेचा दीड अशी वांटणी आहे. घरांतील स्त्रियांचे कष्ट बिनमोल समजून जो धंदा फायद्यांत दिसतो, तो खरोखर फायद्यांत आहे कीं नाहीं, हें प्रत्येकानें आपल्या घरीं एक आठवडा टिपून पाहावें.

वही कशी ठेवावी

साधी रेघांची वही पुरे. पानावर सहा रकाने आंखावेत : तारीख, आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक व शेरा. वैरण रोज तोलण्याची गरज नाहीं. एका पाटींत कुट्टी किती मावते हें एकदां तोलून ठेवावें व पुढें पाट्या मोजाव्यात. शेऱ्याच्या रकान्यांत दूध, माज, रेतनाची तारीख, लस, आजार हें लिहावें. गाय सुमारें २८० दिवसांनीं व म्हैस सुमारें ३१० दिवसांनीं विते. रेतनाची तारीख लिहिलेली असली म्हणजे दूध केव्हां आटवावें व खुराक केव्हां वाढवावा हें वहीच सांगते.

वर्षांतून तीन वेळां शिल्लक पडताळावी. पहिला पडताळा दिवाळीस, बाजरीचें सरमाड घरीं आल्यावर. दुसरा होळीस, ज्वारीचा कडबा रचल्यावर. निर्णयाचा दिवस हाच. तिसरा अक्षय्यतृतीयेस, गंजीवर प्रत्यक्ष हात ठेवून. वहींतील शिल्लक व गंजींतील शिल्लक यांत फरक पडला तर गव्हाणींत, उंदीर-वाळवींत किंवा आपल्या लिहिण्यांत चूक आहे असें समजून ती त्याच दिवशीं शोधावी. तिजोरीचा मेळ उद्यांवर टाकीत नाहींत. गंजीचाही टाकूं नये.

सरतेशेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, या कामास विद्या नको, पैसाही फारसा नको. एक काटा, एक वही व होळीच्या सणाचा एक दिवस पुरतो. विकलेल्या म्हशीचें दावें मीं गोठ्याच्या खुंटीवर अद्याप अडकवून ठेविलें आहे. दर होळीला वही उघडण्यापूर्वीं तिकडे एकवार दृष्टि जाते, व बेरीज दोनदां तपासली जाते. वाचकांच्या गोठ्यांत असें रिकामें दावें लटकण्याची वेळ न येवो, आणि त्यांच्या गंजीची शिल्लक नव्या गवताच्या कापणीपर्यंत पुरो.